सही तुमची, आकडा साहेबांचा

एका वाचकाचे पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून ते थोडक्यात देते.

‘मी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या काँक्रीट लॅबमध्ये प्रयोगशाळा सहायक आहे. नोकरी कायम आहे. ठेकेदार फी भरून आमच्याकडून क्यूब, म्हणजे काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, तपासून घेतात. गेल्या नोव्हेंबरात एका शाळेच्या स्लॅबचे एम ३० काँक्रीटचे (चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन दाब पेलायला हवा असे) तीन क्यूब २८ दिवसांनी फोडले. मशिनवर ५३३, ५४० आणि ५४७ किलोन्यूटन आले. विभागप्रमुखांना कळवलं, तर व्हॉट्सॲपवर एवढंच उत्तर आलं: “३१ करून टाक.” मी नोंदवहीत ६९१, ६९८, ७०५ लिहिले आणि “चाचणी करणार” या रकान्यात सही केली. साहेबांची सही अहवालावर आहे, नोंदवहीत नाही. मी एक पैसाही घेतलेला नाही. आता दक्षता पथकाने मशिनची मेमरी मागवली आहे आणि मला सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचा आहे. त्याआधी, २०२२ मध्ये, मी एका खासगी लॅबमध्ये होतो. तिथे क्यूब न येताच अहवाल जायचे. त्यांवरही माझ्या सह्या आहेत. सहकारी म्हणतात, सरकारी फाइल आहे, सडेल. खासगीत असतास तर आत गेला असतास. मेहुणे उलट सांगतात: खासगीचं कोण विचारतो, सरकारी नोकराला मात्र भ्रष्टाचाराचा कायदा लागतो. खरं कोणाचं? आणि खुलाशात सगळं कबूल करून मोकळा होऊ का? साहेब पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. तक्रार केली तर मला संरक्षण मिळेल का?’

तुमच्या पत्रातले आकडे मी आधी वहीत मांडून पाहिले. १५० मिलिमीटरच्या क्यूबचे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर. ५४० किलोन्यूटनला त्याने भागले की चौरस मिलिमीटरला २४ न्यूटन येतात. ६९८ ला भागले की ३१. इथवर ठीक. पण ५३३ चे ६९१, ५४० चे ६९८, ५४७ चे ७०५ झाले, म्हणजे तिन्हींत बरोबर १५८ मिळवलेत. हे तुमच्या लक्षात आले होते का? मी हिशेबात कच्ची, तरी मला दोन मिनिटांत दिसले. मशिनची मेमरी समोर ठेवून बसलेल्या माणसाला त्याहून कमी वेळ लागेल. तेव्हा ‘वाचताना चूक झाली’, ‘दुसऱ्या क्यूबचा आकडा पडला’ असले काही लिहायचा विचार मनात असेल तर तो आत्ताच सोडा. चुकीने लिहिलेला आकडा तीनदा सारख्याच अंतराने चुकत नाही.

आता सहकारी की मेहुणे. दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे आणि मुख्य गोष्ट दोघांनीही सोडली आहे.

तुमच्यासारख्या माणसाला पकडणारे कलम सरकारी आणि खासगी असा भेद करतच नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३४४ पाहा. कारकून, अधिकारी किंवा नोकर यांपैकी कोणीही फसवणुकीच्या इराद्याने मालकाच्या ताब्यातली वही, कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद बदलली, नष्ट केली किंवा तीत खोटी नोंद केली, तर सात वर्षांपर्यंत कैद. ‘मालक’ म्हणजे शासनही आणि लॅबचा शेठही. जुन्या दंड संहितेत हेच कलम ४७७अ होते. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यामुळे तुमच्या २०२२ च्या सह्यांना जुने कलम लागेल आणि नोव्हेंबरच्या सहीला नवे. शिक्षा तीच. सत्यम कंपनीच्या खटल्यात हेच ४७७अ इतर कलमांबरोबर लावले होते. एप्रिल २०१५ मध्ये दहा जणांना दोषी धरले गेले तेव्हा त्यांत अध्यक्ष रामलिंग राजू होते, तसे वित्त विभागातले माजी कर्मचारीही होते. पुढच्याच महिन्यात वरच्या न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला हे खरे. पण खोट्या नोंदी वरून आलेल्या सांगण्यावरून केल्या म्हणून खालच्यांना आधीच कोणी वगळले नव्हते.

‘मी पैसा घेतला नाही’ हे तुम्ही पत्रात लिहिले आहे. त्याचा उपयोग आहे, पण तुम्हाला वाटतो तिथे नाही. फसवणुकीच्या इराद्यासाठी फायदा स्वतःलाच व्हावा लागतो असे नाही, दुसऱ्याला झाला तरी पुरतो. मात्र भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याची जी भीती मेहुण्यांनी घातली, तिथे हे वाक्य कामाचे आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर, केवळ पदाचा गैरवापर करून दुसऱ्याचा फायदा करून दिला एवढ्यावर त्या कायद्यात शिक्षा होत नाही. कलम ७ साठी गैरवाजवी लाभ घेतला, मागितला किंवा घेण्याचा प्रयत्न केला हे दाखवावे लागते. ठेकेदाराने साहेबांना काही दिले असेल तर कलम ७ साहेबांना, ८ आणि ९ ठेकेदाराला आणि त्याच्या कंपनीला. तुमच्यावर मदतनीस म्हणून १२ येऊ शकते, जर देवाणघेवाण तुम्हाला माहीत होती असे निघाले तर. माहीत होती का? मला इथे उत्तर नको. तुमच्या वकिलाला मात्र पहिल्याच भेटीत खरे सांगा.

सरकारी नोकर म्हणून तुमच्यावर न्याय संहितेची आणखी दोन कलमे आहेत, जी खासगी लॅबमध्ये लागली नसती: २०१ आणि २५६. लोकसेवकाने इजा पोहोचवण्याच्या हेतूने चुकीचा दस्तऐवज तयार करणे आणि जनतेला नुकसान होईल हे ठाऊक असताना चुकीची नोंद करणे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तीन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांची न्यायालयाने दखल घेण्याला तीन वर्षांची मुदत असते. ३४४ ला तशी मुदत नाही. ‘फाइल सडेल’ म्हणणारे सहकारी या तीन वर्षांवर भरवसा ठेवून असतील तर त्यांना सांगा की मोठे कलम सडत नाही.

लोक सरसकट ‘फोर्जरी’ म्हणतात, तेवढे एक सांगून पुढे जाते. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने, स्वतःच्या वहीत खोटा आकडा लिहिणे हे कायद्याच्या भाषेत ‘खोटा दस्तऐवज बनवणे’ होतेच असे नाही. दस्तऐवज खोटा असणे वेगळे, दस्तऐवजातले म्हणणे खोटे असणे वेगळे. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या निकालात नीट उलगडला आहे. पोलिसांनी बनावट दस्तऐवजाची कलमे लावली तर तुमच्या वकिलाला इथे बोलायला जागा आहे. वहीत खाडाखोड करून, मागची तारीख टाकून आकडा ‘दुरुस्त’ केलात तर मात्र ही जागा तुम्ही स्वतःच्या हाताने बुजवाल.

मग सरकारी आणि खासगीत फरक आहे कुठे? गुन्ह्यात फारसा नाही. तुमच्यापर्यंत पोहोचायला दारे किती आणि त्यांच्या किल्ल्या कोणाकडे, यात आहे.

सरकारी बाजूला दारे पुष्कळ. दक्षता पथक, लेखापरीक्षण, विभागीय चौकशी, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, लोकायुक्त, आणि माहितीचा अधिकार वापरणारा कोणीही. तुमची नोंदवही गावातला कोणताही पालक दहा रुपयांच्या अर्जावर मागू शकतो. खासगी लॅबची वही त्याला तशी थेट मिळत नाही. त्या बदल्यात सरकारी नोकराला कुलपेही जास्त. संविधानाचे कलम ३११ चौकशीशिवाय बडतर्फ करू देत नाही. भ्रष्टाचाराच्या खटल्याला कलम १९ खाली मंजुरी लागते. कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम २१८ ची मंजुरी लागते आणि शासनाने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर ती दिली असे आता धरले जाते. ही सुधारणा चांगली आहे, जुन्या काळी अशा फायली वर्षानुवर्षे मंत्रालयात निजत.

पण नीट वाचा. कलम २१८ चे कुलूप त्या लोकसेवकांसाठी आहे ज्यांना शासनाच्या मंजुरीशिवाय पदावरून काढता येत नाही. विभागप्रमुख त्यात बसतील. प्रयोगशाळा सहायकाची नेमणूक आणि बडतर्फी सहसा खालच्या अधिकाऱ्याच्या हाती असते, म्हणजे तुम्ही बहुधा बसणार नाही. एकाच खोट्या आकड्यासाठी साहेबांच्या दारावर कुलूप आणि तुमच्या दारावर नुसती कडी! ‘सरकारीत काही होत नाही’ हे वाक्य कोणाच्या तोंडी शोभते ते यावरून ओळखा. साहेबांनाही ते पुरते तारणार नाही. खोटे कागद तयार करणे हा अधिकृत कर्तव्याचा भाग होऊच शकत नाही, त्याला मंजुरीचे कवच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये शडाक्षरी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात म्हटले आहे. साहेब पुढच्या वर्षी निवृत्त होणार, असेही तुम्ही लिहिता. निवृत्तिवेतन नियमांतल्या नियम २७ प्रमाणे निवृत्तीनंतरही विभागीय चौकशी सुरू करता येते, मात्र घटना चार वर्षांपेक्षा जुनी नसावी. फौजदारी खटल्याचा निवृत्तीशी संबंध नाही.

खासगी बाजूला दारे कमी. ज्याचे नुकसान झाले तो ग्राहक, मान्यता देणारी एनएबीएल, कंपनी असेल तर कंपनी कायदा. नोकरी मात्र महिन्याच्या नोटिशीवर जाते, चौकशीचा घोळ नाही. कंपनी कायद्याचे कलम ४४७ कडक आहे: रक्कम मोठी असेल तर सहा महिने ते दहा वर्षे, जनहित गुंतलेले असेल तर किमान तीन, आणि जामीनही सहज नाही. पण त्याची किल्लीही ठेकेदाराच्या किंवा पोलीस ठाण्याच्या हाती नाही. न्यायालय त्याची दखल घेते ती केंद्र सरकारच्या गंभीर फसवणूक तपास कार्यालयाकडून किंवा केंद्राने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडून तक्रार आली तरच. छोट्या लॅबच्या बाबतीत ते इथवर क्वचितच येतात. म्हणून तुमच्या २०२२ च्या सह्यांबद्दल आजवर कोणी विचारले नाही. कायद्याने त्या माफ झालेल्या नाहीत. त्या अहवालांवर बांधलेले काही पडले तर त्या दिवशी पहिला कागद तोच निघेल.

पैशाच्या भरपाईत मात्र फरक मला फार खटकतो. खासगी लॅबने खोटा अहवाल दिला तर भरपाई तिच्या खिशातून जाते, काम जाते, नाव जाते. सरकारी लॅबच्या खोटेपणाची भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे ज्यांची मुले त्या शाळेत बसणार त्यांच्याच करातून. १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरपाई द्या आणि जबाबदार अधिकाऱ्यांकडून ती वसूल करा. त्याला तीस वर्षे उलटून गेली. अशी वसुली प्रत्यक्ष झालेली मी माझ्या वकिलीत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली आहे. त्यांतली एकही वर्ग एकच्या अधिकाऱ्याकडून नव्हती.

परदेशातही चित्र वेगळे नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अमली पदार्थ तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत ॲनी डुकन नावाची केमिस्ट चाचण्या न करताच निकाल लिहीत होती. २०१३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन ते पाच वर्षांची शिक्षा झाली. २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने २१ हजारांहून अधिक खटले रद्द केले. देखरेख किती ढिली होती ते सरकारी चौकशीत बाहेर आले, पण त्या प्रयोगशाळेतून तुरुंगात गेली ती एकटी. खासगीत फोक्सवॅगन घ्या. धुराच्या चाचणीत फसवणारे सॉफ्टवेअर २०१५ मध्ये उघड झाले, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते होते. अमेरिकेत २०१७ मध्ये जेम्स लियांग या इंजिनिअरला ४० महिन्यांची शिक्षा झाली, तीही सरकारी पक्षाला सहकार्य केल्यानंतर. दोन्हीकडे ज्याच्या हाताने काम झाले तो आधी सापडला.

आता ‘साहेबांनी सांगितलं’ या बचावाबद्दल. बेकायदा हुकूम पाळणे हा फौजदारी कायद्यात बचाव नाही. न्याय संहितेचे कलम ३२ धमकीला सूट देते, पण ती धमकी तत्काळ मृत्यूची असावी लागते. गोपनीय अहवाल खराब होण्याची किंवा बदलीची भीती त्यात मावत नाही. शिक्षा ठरवताना मात्र न्यायाधीश तिचा विचार करतात. वर्तणूक नियमांचा नियम ३ तुम्हाला उपयोगी पडला असता: वरिष्ठाच्या सांगण्यावरून काही करायचे असेल तर आदेश लेखी घ्यावा, तेव्हा शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यावी. तुम्ही तेव्हा घेतली नाहीत. पण तुमच्याकडे तो संदेश आहे. तीन शब्दांचा का असेना, तो साहेबांनी स्वतःच्या फोनवरून लिहिला आहे. फोन बदलू नका, दुरुस्तीला टाकू नका, गप्पा पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट न्यायालयात लंगडा ठरतो; साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, ते तुमचे वकील करून घेतील.

आणि वहीला हात लावू नका. माझ्या एका जुन्या अशिलाने चौकशीआधी नोंदवहीचे एक पान बदलले होते. शाई तीच, अक्षर तेच, सही तीच. पण सरकारी छापखान्याच्या वहीवर तळाशी बारीक अक्षरात छपाईचे साल असते आणि नवे पान घटनेनंतरच्या वर्षी छापलेले निघाले. तोवर त्याच्यावर नुसता निष्काळजीपणाचा आरोप होता.

खुलाशात ‘सगळं कबूल करून मोकळा’ होण्याचा मोह मला समजतो. तरी थांबा. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. तुमच्या प्राचार्यांना किंवा दक्षता पथकातल्या अभियंत्याला लिहून दिलेला चालू शकतो. म्हणून खुलाशात विशेषणे नकोत, पश्चात्ताप नको, ‘माझा गुन्हा’ नको आणि ‘मी निर्दोष’ही नको. घटनाक्रम द्या. साधारण असा:

‘दि. अमुक रोजी मशिनवर दिसलेले भार ५३३, ५४० व ५४७ किलोन्यूटन होते. ते मी विभागप्रमुखांना कळवले. त्यानंतर त्यांच्याकडून संदेश प्राप्त झाला, त्याची प्रत सोबत जोडली आहे. नोंदवहीतील आकडे मशिनवरील आकड्यांशी जुळत नाहीत. सदर इमारतीच्या स्लॅबची मजबुती तपासून घ्यावी, ही विनंती.’

हा मजकूरही वकिलाने वाचल्याशिवाय देऊ नका, कारण तुमच्या कागदपत्रांत असे काही असू शकते जे मला दिसत नाही. मशिनची मेमरी जे बोलणारच आहे ते तुम्ही आधी बोलणे आणि नंतर बोलणे यांत तुमच्या बाजूने मोठा फरक पडतो, एवढे मात्र मी खात्रीने सांगते. पुढे खटला झालाच तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ खाली माफीचा साक्षीदार होण्याचा मार्गही असतो आणि सात वर्षांच्या गुन्ह्याला तो लागू आहे. जो आधी आणि पुराव्यासह बोलला त्याचाच त्यासाठी विचार होतो. २०२२ बद्दल या खुलाशात एक अक्षर नको. ते विचारलेले नाही. त्या अहवालांचे काय करायचे ते वकिलासमोर, वेगळ्या दिवशी ठरवा. पण ठरवा.

शेवटची ओळ, स्लॅब तपासण्याची, कोणी गाळायला सांगितली तरी गाळू नका. आयएस ४५६ प्रमाणे शंका असलेल्या काँक्रीटमधून कोअर, म्हणजे भोक पाडून काढलेले दंडगोल तुकडे, काढून तपासतात. कोअरची सरासरी ठरलेल्या मजबुतीच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नसेल तर काँक्रीट चालते. एम ३० साठी म्हणजे २५.५ आणि २२.५. तुमचे २४ आले होते. कदाचित प्रत्यक्ष स्लॅब क्यूबपेक्षा बरा निघेल, कदाचित नाही. बरा निघाला तर नुकसानीचा मुद्दा बराच हलका होईल. नाही निघाला तर टेकू लावायला वेळ मिळेल. आणि काही न करता तो उद्या पडला, तर कलम १०६ म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, किंवा त्याहून वरचे कलम, तुमच्या नावावर येईल आणि तेव्हा आजचा खुलासा कोणी वाचणार नाही.

संरक्षणाबद्दल विचारले आहे, त्याचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे तरुण अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल पंतप्रधान कार्यालयाला लिहिले, नाव गुप्त ठेवा असेही लिहिले. नाव फुटले. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. तपासात तो लुटारूंनी केल्याचे म्हटले गेले. त्यानंतर २००४ मध्ये केंद्राने तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचा ठराव केला, पण तो केंद्राच्या कर्मचाऱ्यांपुरता. २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो लागू करण्याची अधिसूचना काही निघाली नाही. राज्य कर्मचारी म्हणून तुमच्या हाती लोकायुक्त आणि लाचलुचपत विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. तक्रार करायची तर नावासकट, पोच घेऊन करा. निनावी पत्राने तुम्ही लपणार नाही, कारण हा आकडा माहीत असलेली माणसेच दोन आहेत.

सात दिवस कमी आहेत. उद्या सकाळी कार्यालय उघडताच मुदतवाढीचा अर्ज द्या, पंधरा दिवस मागा आणि त्याच अर्जात नोंदवहीच्या पानाची, अहवालाची आणि मशिनच्या मेमरीच्या उताऱ्याची प्रत मागा. आवक-जावक शिक्क्याची पोच घ्या. साहेब ‘बसून बोलू’ म्हणाले तर लेखी विचारा म्हणावे. ठेकेदाराचा फोन आला तर उचलू नका.